शमुवेल मामांची डबल बेल

शमुवेल मामा आणि मार्था काकू लातूर सोडून नांदेडला लेकीकडे राहायला गेले, त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून आमच्या चर्चची रविवारची उपासना एकदाही वेळेवर सुरू झालेली नाही. साडेदहापर्यंत लोक फाटकात गप्पा छाटत उभे असतात, पेटीवाला चहा पिऊन येतो, पाळकसाहेब घड्याळाकडे बघून गोड हसतात. मामा होते तोवर दहा म्हणजे दहा. दहाच्या ठोक्याला ते घंटेचा दोर दोनदा ओढत आणि दार लोटून घेत. उशिरा येणाऱ्याला दाराच्या फटीतून मामांचा एक डोळा तेवढा दिसे आणि आवाज येई, "पुढची गाडी पुढच्या रविवारी."

मामा एस.टी.त कंडक्टर होते. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी लातूर-निलंगा फेरीवर. निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. चामडी पाकीट लटकवून लटकवून त्यांचा डावा खांदा कायमचा खाली आलेला होता. उभे राहिले की पाठ कशाला तरी टेकलेली लागायची, चर्चचा खांब असो नाही तर कुणाच्या लग्नातला मांडवाचा बांबू. उपासनेत मागची बाकं भरली आणि पुढची रिकामी राहिली की त्यांना चैन पडत नसे. "पुढं सरका, पुढं लई जागा हाय," हे त्यांनी एकदा मयतीच्या प्रार्थनेतही म्हटलं होतं आणि रडणारी माणसं डोळे पुसत खरोखरच पुढे सरकली होती.

लहानपणी आम्हा सगळ्यांचं संडे स्कूल मामांनीच घेतलं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट ते रंगवून सांगत. नव्याण्णव मेंढरं रानात सोडून मेंढपाळ त्या एकाला शोधायला मागे फिरतो, इथपर्यंत आले की मामा जरा अस्वस्थ होत. एकदा मी विचारलं, "मामा, तुमचं एक पॅसेंजर राहिलं तर तुम्ही गाडी मागं घ्याल का?" मामांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "न्हाई. त्या मेंढपाळाला टायमटेबल नव्हतं, बाळा. एकासाठी पन्नास जणांना ताटकळत ठेवायचं म्हंजी ते बी पापच हाय."

हे नुसतं बोलणं नव्हतं. लग्न होऊन वर्ष झालं नसेल तेव्हाची गोष्ट. मामांच्याच गाडीतून मार्था काकू आणि त्यांचे वडील निलंग्याला निघाले होते. औशाच्या स्टँडवर सासरेबुवा चहाला उतरले. वेळ झाली, मामांनी डबल बेल दिली, गाडी निघाली. सासरे हातात कपबशी घेऊन स्टँडवर उभे, आणि काकू मागच्या काचेतून त्यांच्याकडे बघतायत. त्या मागच्या सीटवर होत्या, कारण घरच्या माणसानं शेवटच्या सीटवर बसायचं, आधी पब्लिक, हा मामांचा दुसरा नियम. मामा ही गोष्ट अभिमानानं सांगत. "निलंग्यापर्यंत ही एक शब्द बोलली न्हाई. झोपली असंल." काकू तिथेच बसून लसूण सोलत असत. त्या मान वर करत नसत.

मार्था काकूंविषयी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एवढासा पेला प्रत्येकाला मिळतो. तो द्राक्षरस तीस वर्षं काकूंनी घरी केला. शुक्रवारी काळे मनुके भिजत घालायचे, शनिवारी मंद आचेवर उकळायचे, हातानं कुस्करायचे आणि मऊ धुवट फडक्यातून गाळायचे. पातेलं वेगळं, चमचा वेगळा. ते पातेलं चुलीवर असताना काकू घरात कुणाला मोठ्यानं बोलू देत नसत. एवढा रस केला, पण वेलावरचं द्राक्ष या बाईनं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे तूर, सोयाबीन, ऊस. द्राक्षाचा मळा आम्हाला ठाऊक तो फक्त प्रवचनातला.

तीन वर्षांपूर्वी लातूर आणि नांदेडच्या मंडळींची मिळून सहल काढायचं ठरलं, तेव्हा कमिटीच्या बैठकीत काकू चहा द्यायला आल्या होत्या. कुणी गोवा म्हणत होतं, कुणी महाबळेश्वर. काकू ट्रे हातात धरून म्हणाल्या, "मला एकदा द्राक्षं वेलाला लागलेली बघायची हायत. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं आप्रेशन हाय. मग कुठं जाणं हुतंय आन कुठं न्हाई." आणि आत गेल्या. कमिटीपुढे त्या त्याआधी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

मामा उठले आणि त्यांनी सहल ताब्यात घेतली. पैठण, दौलताबाद, मग नाशिककडचा द्राक्षाचा मुलूख, चौथ्या दिवशी परत. मळा दाखवणारी, माहिती सांगणारी, रस काढायची यंत्रं दाखवणारी एक मोठी वाइनरी त्यांनी फोन करकरून ठरवली. तारीख दुसऱ्या दिवसाची, वेळ दुपारी चारची. वाइनरी म्हटल्यावर नांदेडच्या एस्तेर आजी खवळल्या. आजी म्हणजे दोन्ही मंडळ्यांतलं सर्वांत कडक प्रकरण. "दारूच्या कारखान्यात मंडळी नेणार व्हय?" मामा म्हणाले, "बघायला जायचं हाय, आजी, प्यायला न्हाई. तुरुंग बघून आलं की मानूस कैदी हुतंय का?" पहिल्या सीटसाठी आजींनीच सगळ्यांच्या आधी नाव दिलं.

सहलीची मी चिटणीस. मी लातुरात क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते, मुलांना धाकात ठेवते, पण मामांपुढे माझं काही चालत नसे. यादी मामांनी स्वतः केली. चव्वेचाळीस नावं. खाजगी बसमध्ये त्यांनी सायकलची घंटी बसवली आणि नायलॉनची दोरी पार मागेपर्यंत ओढून घेतली. एक बेल थांबा, दोन बेल चला. ड्रायव्हर रशीदभाई म्हणाले, "मामा, आरसा है ना मेरे पास." मामा म्हणाले, "आरशात नियत दिसत न्हाई."

निघताना जो गोंधळ झाला तो मला अजून आठवतो आणि हसू येतं. नांदेडकरांनी अर्धापूरच्या केळीचा अख्खा घड आणला होता, तो कुठे ठेवायचा यावर दहा मिनिटं चर्चा. लातूरकरांच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काकूंच्या ताब्यात, पोत्यात भरून मागच्या सीटखाली. गाडी हलली तशी गाणी सुरू झाली, टाळ्या सुरू झाल्या, अंबाजोगाईच्या घाटात तर एस्तेर आजीसुद्धा ताल धरून होत्या. मामा मधल्या वाटेत पाठ टेकून उभे. पन्नास सीटची गाडी, पण हा माणूस दीडशे किलोमीटर बसला नाही.

गाइडही तेच. कुठलं पुस्तक वाचून नाही, एकतीस वर्षं पॅसेंजरांकडून ऐकून जे जमलं होतं ते. पैठणला हातमागासमोर उभं राहून त्यांनी पदरावरचा मोर कसा विणतात ते असं सांगितलं की विणणारा कारागीर काम थांबवून ऐकत राहिला. शेवटी मात्र ठरलेलं वाक्य. "पाच चाळीसला गाडी सुटंल." पाच चाळीसला पाळकसाहेब आले नव्हते. ते बायकोसाठी साडी बघत होते. मामांनी घड्याळ पाहिलं, डबल बेल दिली. मी म्हटलं, "मामा, पाळकसाहेब आहेत." मामा म्हणाले, "त्यांना टाइम सांगितला व्हता." गावाबाहेर अडीच किलोमीटरवर एक मोटारसायकल हॉर्न वाजवत आडवी आली. मागे पाळकसाहेब, मांडीवर साडीचं पुडकं. गाडीत शिट्ट्या आणि टाळ्या. मामांनी एक बेल दिली, दार उघडलं आणि म्हणाले, "सलाम साहेब. पुढं सरका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही दौलताबादच्या किल्ल्याच्या दारात. मामा नुसते पेटले होते. "ह्ये दरवाज्याचे खिळे बगा. हत्तीनं डोकं मारू नये म्हनून. आन ही वाट अशी वाकडी कामून? कारण सरळ वाटंनं हत्ती पळत यील." अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारात, त्यांनी बायकापोरांना एकमेकांचे पदर आणि शर्ट धरायला लावले आणि चव्वेचाळीस माणसांची आगगाडी करून बाहेर काढली. वर पोचल्यावर सगळे धापा टाकत होते आणि मामा हात पसरून खालचा मुलूख दाखवत होते, जणू तो त्यांच्याच डेपोचा. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. "आज चार वाजता," ते मला हळूच म्हणाले, "हिला मळा दाखवतो. हिनं आजपर्यंत कधी काई मागितलं न्हाई बग."

काकू वर आल्या नव्हत्या. गुडघ्यांमुळे त्या खाली, दाराजवळच्या कडुलिंबाच्या सावलीत पेरू विकणाऱ्या बाईपाशी बसल्या होत्या.

गाडी वळणापलीकडे लावलेली होती. पावणेअकराला मामांनी तिच्या दारात उभं राहून एकेकाच्या डोक्यावर बोट नाचवत मोजणी केली. चव्वेचाळीस. यादीवर खूण. डबल बेल. गाडी निघाली, गाणी परत सुरू झाली, आणि मी मनातल्या मनात म्हटलं की असा माणूस बरोबर असला की काही काळजी नाही.

वैजापूरला चहाला थांबलो. कुणीतरी म्हणालं, काकूंना सांगा, दशम्या काढा. मागची सीट रिकामी होती. सीटखाली पोतं होतं, वरच्या पिशवीत काकूंचा मोबाइल होता, काकू नव्हत्या.

पहिल्यांदा सगळे हसले, की उतरल्या असतील, इथेच असतील. मग कुणी हसेना. मामांनी सगळ्यांना गाडीत बसायला लावलं आणि मोजलं. चव्वेचाळीस. परत मोजलं. चव्वेचाळीस. "बराबर हायत की," ते माझ्याकडे बघत म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मी यादी घेतली आणि वरपासून खालपर्यंत वाचली. तिच्यात मामा नव्हते. मार्था काकूही नव्हत्या. कंडक्टर आपल्या मोजणीत स्वतःला धरत नाही, आणि मामांनी बायकोला कायम स्वतःच्याच हिशेबात टाकलेलं होतं. मोजणी अगदी बरोबर होती.

मला मामांचा राग आला, आणि त्यांच्याकडे बघून तो टिकेनाही. ते दाराच्या पायरीवर बसले होते. दोन दिवसांत पहिल्यांदाच बसले होते.

पाळकसाहेब खाली उतरले आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मागे जायचं तर जाऊन येऊन चारची वेळ हुकणार, हे सगळ्यांना कळत होतं. मामांनाच आधी कळलं. ते उठले, गळ्यातली कंडक्टरची शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "सुनीता, तू गाडी घिऊन पुढं जा. चारला पोचा. मी तिला घिऊन येतो. माझ्यासाठी पन्नास जणांचा खोळंबा नको."

ते रस्ता ओलांडून गेले आणि पलीकडे हात करून उभे राहिले. एक एस.टी. आली. थांबा तिथे नव्हता, पुढे होता. खिडकीतून कंडक्टरनं मामांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि आम्हाला इकडे स्पष्ट ऐकू आली ती डबल बेल. गाडी निघून गेली. मामा धुळीत हात तसाच वर धरून उभे होते.

कुणी कुणाला विचारलं नाही. रशीदभाईंनी गाडी सुरू केली, ट्रकवाल्यांच्या शिव्या खात भर रस्त्यात वळवली आणि मामांच्या पुढ्यात नेऊन उभी केली. गाडीतून एकच गलका झाला. "चढा मामा, चढा." मामा म्हणाले, "आवं, चारचं बुकिंग..." एस्तेर आजी पहिल्या सीटवरून ओरडल्या, "बुकिंग गेलं उडत. बस आत मुकाट्यानं." मामा चढले. बेल द्यायचं त्यांना सुचलं नाही, रशीदभाईंनीही वाट पाहिली नाही. त्या दीड तासात कुणी गाणं म्हटलं नाही, पण प्रत्येक वळणावर सगळी गाडी पुढे वाकून रस्त्याकडे बघत होती. मी एवढ्या भीतीनं आणि एवढ्या हुरुपानं कुठला प्रवास केलेला नाही.

काकू लिंबाखालीच होत्या. पेरूवाली जेवायला गेली होती आणि काकू तिच्या टोपलीमागे बसून एका गिऱ्हाइकाला पेरू कापून देत होत्या. मामा गाडी थांबायच्या आधी उतरले, धावत गेले आणि समोर जाऊन नुसते उभे राहिले. काकूंनी पेरूवर मीठ-तिखट टाकलं, गिऱ्हाइकाच्या हातात दिलं, मग वर पाहिलं.

"आलाव?"

"मी मोजलं व्हतं गं," मामा म्हणाले. "तीनदा मोजलं."

"बराबरच मोजलं असंल तुमी," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मी कधी तुमच्या मोजणीत व्हते?"

आम्ही सगळे मागे येऊन उभे होतो. मामांनी काकूंच्या हातातली सुरी घेतली, खाली ठेवली आणि त्यांना उठवायला हात दिला. नंतर काकूंनी मला सांगितलं, पहिला अर्धा तास त्यांनी प्रार्थना केली, दुसरा अर्धा तास नवऱ्याच्या नावानं बोटं मोडली, आणि मग बसून बसून कंटाळा आला म्हणून पेरू कापायला घेतले.

वाइनरी हुकली. मी फोनवर विनवण्या केल्या, पण पुढचे दोन दिवस भरलेले होते. तिसऱ्या दिवशी नाशिक बघितलं, पोरांनी तोंडं पाडली, आणि चौथ्या दिवशी सकाळी परतीला लागलो. रविवारच्या उपासनेला लातुरात पोचायचंच होतं, त्यामुळे वाटेत कुठे थांबायचं नाही असं मामांनीच आदल्या दिवशी जाहीर केलेलं होतं. "राहू द्या, रस्त्यानं दिसतील लांबून," एवढंच काकू म्हणाल्या होत्या, आणि निफाडच्या आधीपासून खिडकीला कपाळ लावून बसल्या होत्या. दिसत होती ती नुसती हिरवी छपरं, एकामागून एक. गाडी पळत होती.

मामा ड्रायव्हरच्या केबिनला पाठ लावून उभे होते. त्यांनी बायकोकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि दोरी ओढली. एकच बेल. रशीदभाईंनी गाडी कडेला घेतली. मामा काही न सांगता उतरले आणि रस्त्यालगतच्या एका मळ्यात शिरले. बांधावर बायका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये द्राक्षं भरत होत्या, शेतकरी मोजमाप बघत होता. मी मागोमाग गेले. एकतीस वर्षं दुसऱ्यांना हुकूम सोडणारा हा माणूस त्या अनोळखी शेतकऱ्यापुढे हात जोडून उभा होता.

"आमच्या हिला वेल बघायचाय, मालक. हात लावणार न्हाई. बघून जातो."

शेतकऱ्यानं रस्त्यावरच्या बसकडे पाहिलं. "एवढी गाडी भरून आलाय, आणि एकट्या ताईंनीच बघायचं का? सगळ्यांना आणा की. किती माणसं आहेत?"

मामा वळले. बसच्या दारात माणसं दाटीवाटीनं उभी होती. "मोजली न्हाईत," ते म्हणाले. "ही हाय. बाकीची असतील."

काकूंना त्यांनी स्वतः धरून आणलं. मांडव खाली होता, मान वाकवून आत जावं लागत होतं. आत हिरवा उजेड आणि डोक्याच्या वरपासून छातीपर्यंत घोसच घोस लटकलेले. सगळी मंडळी आत घुसली, पोरं ओळींतून पळू लागली, एस्तेर आजी एका घोसाखाली तोंड उघडून उभ्या होत्या आणि शेतकऱ्याची आई त्यांच्याकडे बघून हसत होती. काकू एका खोडापाशी थांबल्या. खोड हातानं चाचपलं, मग फांदी, मग देठ. "केवढं बारीक लाकूड हाय," त्या म्हणाल्या, "आन केवढं धरून ठिवलंय." शेतकरी म्हणाला, तोडा की ताई. काकूंनी दोन मणी तोडले. एक स्वतः खाल्ला, डोळे मिटून, पुष्कळ वेळ. दुसरा सगळ्या मंडळीदेखत मामांच्या तोंडात घातला. मामा एवढे लाजले की मलाच तोंड फिरवावं लागलं.

बराच वेळ झाला. क्रेट भरले, पोरांचे खिसे भरले, एकेक करत सगळे गाडीकडे निघाले. त्या दोघांना मी शेवटी नीट पाहिलं ते तेव्हा. नंतर ऑपरेशन, मग घर आवरणं, मग नांदेड, यात भेटी झाल्या त्या उभ्याउभ्याच. काकू ओळीच्या पार टोकाला पोचल्या होत्या आणि प्रत्येक वेलापाशी थांबत होत्या. मामा त्यांच्या मागे दोन पावलांवर होते. हात मोकळे होते, पाठ कशाला टेकलेली नव्हती. रस्त्यावरून रशीदभाईंनी हॉर्न दिला. एकदा. मग पुन्हा. मी हाक मारली, "मामा, लातूर गाठायचंय. सगळे बसलेत."

मामांनी मागे न बघता हात वर केला.

"थांबा म्हनावं जरा," ते म्हणाले. "हिचं अजून बघून व्हायचंय."